लठ्ठपणा आणि चिरकारी सौम्य दाह

मेदऊती (चरबी साठवणारी ऊती) प्रमाणाबाहेर वाढल्यावर शरीरात वर्षानुवर्षे धुमसत राहणारी सौम्य दाहस्थिती. जखमेत किंवा जंतुसंसर्गात दिसणारी लाली, सूज, उष्णता आणि वेदना यात नसते, तापही येत नाही. रक्तातील काही प्रथिनांची किंचित वाढ एवढीच तिची खूण. इन्शुलिन-रोध (पेशींनी इन्शुलिनला पुरेसा प्रतिसाद न देणे), टाइप-2 मधुमेह, यकृतातील मेदसंचय आणि रोहिणीकाठिण्य (रोहिण्या कडक व अरुंद होणे) यांच्याशी तिचा निकट संबंध आहे.

सॅलिसिलेट (अ‍ॅस्पिरिनच्या वर्गातील औषध) दिल्यावर मधुमेही रुग्णांच्या लघवीतील साखर कमी होते, असे विल्हेल्म एब्स्टाइन या जर्मन वैद्याने 1876 च्या सुमारास नोंदवले होते. त्याचा दाहाशी संबंध मात्र फार उशिरा जोडला गेला. 1993 मध्ये हॉटामिस्लिगिल, शारगिल आणि स्पीगलमन यांनी लठ्ठ उंदीरवर्गीय प्राण्यांच्या मेदऊतीत टीएनएफ-आल्फा हे दाहकारक प्रथिन जास्त तयार होते आणि ते निष्प्रभ केल्यास इन्शुलिनचा परिणाम सुधारतो, असे दाखवले. 2003 मध्ये दोन स्वतंत्र गटांना लठ्ठ प्राण्यांच्या मेदऊतीत मॅक्रोफेज (महाभक्षी पेशी) मोठ्या संख्येने आढळल्या. सडपातळ अवस्थेत मेदऊतीतील पेशींमध्ये त्यांचा वाटा 10 टक्क्यांहून कमी असतो, अतिलठ्ठपणात तो 40 टक्क्यांच्या आसपास जातो. त्यांपैकी बहुतेक मृत मेदपेशींभोवती मुकुटासारखे कडे करून बसलेल्या असतात, हे 2005 मध्ये स्पष्ट झाले.

टीएनएफ-आल्फामुळे मेदपेशीत जेएनके आणि आयकेके-बीटा ही विकरे जागृत होतात. ती इन्शुलिन-ग्राहीशी जोडलेल्या आयआरएस-1 या प्रथिनाच्या सेरीन स्थानांवर फॉस्फेट बसवतात. त्यामुळे इन्शुलिनचा संदेश पुढे जात नाही आणि ग्लुकोज आत घेणारे ग्लुट-4 वाहक पेशीपटलापर्यंत पुरेसे पोहोचत नाहीत. याच सुमारास इंटरल्युकिन-6 हे दाहाशी निगडित प्रथिनही वाढते. रक्तात फिरणाऱ्या इंटरल्युकिन-6 पैकी सुमारे एक-तृतीयांश मेदऊतीतून येते, असा अंदाज आहे. त्याच्या प्रभावाने यकृत सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रथिन (सीआरपी) तयार करते. मेदपेशींतूनच स्रवणारे, इन्शुलिनला साहाय्यक असलेले अ‍ॅडिपोनेक्टिन मात्र घटते.

दाहाची ठिणगी कुठे पडते, याबद्दल एकमत नाही. एक मत ऑक्सिजनच्या तुटवड्याचे: फुगलेल्या मेदपेशीचा व्यास 150 ते 200 मायक्रोमीटरपर्यंत जातो आणि केशवाहिनीतून ऑक्सिजन झिरपण्याची मर्यादाही साधारण तेवढीच असते. दुसरे मत आतड्यातील जंतूंच्या आवरणातून रक्तात उतरणाऱ्या अंतर्विषाला जबाबदार धरते (2007). संपृक्त मेदाम्ले टीएलआर-4 या जंतूंची चाहूल घेणाऱ्या ग्राहीला थेट चेतवतात, हे एके काळी सर्वमान्य झालेले मत 2018 नंतर डळमळले आहे. मेदपेशीची साठवणक्षमता संपून ती मरते आणि मेद यकृतात व स्नायूंत सांडतो, हे स्पष्टीकरण आज अधिक पटणारे आहे, कारण कमी वजनातही मधुमेह का होतो, हे त्याने उलगडते. मेदऊतीच्या निरोगी वाढीसाठी थोडा दाह लागतोच, असेही 2014 मधील प्रयोगांनी दाखवले. त्यामुळे दाह म्हणजे निव्वळ शत्रू, ही मांडणी अपुरी ठरते.

औषधांच्या चाचण्याही याच दिशेने बोट दाखवतात. टीएनएफ-रोधक प्रतिपिंडाने मधुमेही रुग्णांची इन्शुलिन-संवेदनशीलता सुधारली नाही (1996). सॅलसॅलेट या सॅलिसिलेट औषधाने एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखरेचे माप) सुमारे 0.4 टक्क्यांनीच उतरले (2013). कॅनाकिनुमॅब या इंटरल्युकिन-1 बीटा रोखणाऱ्या औषधाने हृदयविकाराचे झटके कमी झाले, पण मधुमेहाची नवी प्रकरणे टळली नाहीत. जनुकीय अभ्यासांनुसार वजन वाढल्याने सीआरपी वाढते, सीआरपी वाढल्याने वजन नव्हे. वजन घटवल्यास दर किलोमागे सीआरपी सरासरी 0.13 मिग्रॅ. प्रति लिटर उतरते.

मोजमाप : नेहमीची सीआरपी चाचणी 5 ते 6 मिग्रॅ. प्रति लिटरखालचे सारे 'सामान्य' म्हणते, म्हणून येथे एचएस-सीआरपी ही अतिसंवेदी चाचणी लागते. 1 पेक्षा कमी असल्यास हृदयविकाराचा धोका कमी, 1 ते 3 मध्यम, 3 च्या वर जास्त. 10 च्या वर आकडा आला तर तो लठ्ठपणाचा समजू नये. संसर्ग शोधावा आणि दोन आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी. हिरड्यांचा विकार, धूम्रपान आणि इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या आकडा वाढवतात, स्टॅटिन तो उतरवते. अहवाल प्रति डेसिलिटरमध्ये असेल तर दहापटीची गल्लत होते. कमरेचा घेर याहून स्वस्त आणि बहुतेकांना अधिक उपयोगी. शेवटची बरगडी आणि कटीच्या हाडाची वरची कड यांच्या मध्यावर, कपडा बाजूला सारून, सहज श्वास सोडल्यावर टेप आडवी धरून तो घ्यावा. पँटचा पट्टा पोटाखाली बांधलेला असतो. तिथे माप घेतल्यास घेर कमी भरतो. भारतीयांसाठी मर्यादा पुरुषांना 90 सेंमी., स्त्रियांना 80 सेंमी.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन संशोधकांचा देहभार निर्देशांक (बीएमआय) एकच, 22.3, होता, शरीरातील मेद मात्र अनुक्रमे 21.2 आणि 9.1 टक्के (2004). भारतात 23 पासूनच सावध व्हावे लागते ते यामुळे.

गोव्यातील स्थिती : आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीत (2023) प्रौढांतील मधुमेहाचे प्रमाण गोव्यात 26.4 टक्के, देशात सर्वाधिक आढळले; राष्ट्रीय सरासरी 11.4 टक्के. बांगडा आणि तारली यांत ईपीए व डीएचए ही ओमेगा-3 मेदाम्ले भरपूर असतात. दाह शमवणारी रेझॉल्विन त्यांपासून बनतात. हुमणात (माशांच्या आमटीत) शिजवलेल्या बांगड्यातून ती बऱ्याच अंशी मिळतात; रवा लावून तळल्यास तेलाच्या उष्मांकांची भर पडते. माशांनी वजन मात्र उतरत नाही; ताटातला भात किती, यावर ते अधिक अवलंबून असते. उकड्या तांदळाची पेज पोट भरते, पण वाडगे दुसऱ्यांदा भरले की हिशेब बदलतो. पोई (गोव्याचा कोंड्याचा पाव) घेताना पीठ कोंड्यासह आहे की मैद्यावर कोंडा भुरभुरला आहे, हे पोदेराला (पाववाल्याला) विचारावे. कोकमाची सोलकढी घ्यावी, पण वजन उतरवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या गार्सिनियाच्या (कोकमाच्याच कुळातील फळाच्या अर्काच्या) गोळ्या घेऊ नयेत. त्यांनी वजन उतरल्याचा पुरावा दुबळा आहे आणि यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. जून ते सप्टेंबरात डेंगी, लेप्टोस्पायरोसिस यांचे ताप येतात. ताप उतरून दोन आठवडे होईपर्यंत एचएस-सीआरपी करून घेऊ नये.