‘कॅन’ म्हणावं आणि ‘कॅन्ट’ ऐकू जावं

जळगाव-धुळ्याकडच्या इंग्रजी क्लासांत एक सल्ला ठरलेला: ‘कॅन’ की ‘कॅन्ट’ हे ओळखायचं तर शेवटचा ‘ट’ नीट ऐका. पण अमेरिकी बोलण्यात तो ‘ट’ बहुतेक वेळा ऐकू येतच नाही.

‘ट’ दोन टप्प्यांत होतो. जीभ टाळूला टेकून हवा अडवते. मग जीभ सुटते आणि हवा फट्‌कन बाहेर पडते. ‘खाट’ म्हणा, पण जीभ सोडूच नका. उरेल ते मध्येच तुटलेलं ‘खा’. इंग्रजीत शब्दाच्या शेवटी हेच होतं. पुष्कळदा तर घशातले स्वरतंतूच मिटून हवा रोखतात. पुढे ‘डू’ आला की जीभ एकदाच सुटते, तीही ‘ड’साठी. घाईत आपलं ‘हात दे’ ‘हाद्दे’ होतं, तसंच.

मग अमेरिकी लोकांना फरक कळतो तो स्वरावरून. होकारात ‘कॅन’वर जोर नसतो, स्वर जवळजवळ विरतो: ‘आय क्‌न डू इट’, जोर ‘डू’वर. नकारात ‘कॅ’ पुरता आणि ठसठशीत. ब्रिटिश तर ‘कान्ट’ म्हणतात, तिथे घोळ कमी. वाक्य ‘येस, आय कॅन’ असं संपलं तर मात्र ‘कॅ’ दोन्हीकडे पुरता. तेव्हा ‘न’ पाहायचा. ‘कॅन’चा रेंगाळतो, ‘कॅन्ट’चा अघोष, म्हणजे स्वरतंतू न थरथरता निघणाऱ्या, ‘ट’मुळे आखडतो.

मराठीत ‘जमत नाही’, अहिराणीत ‘जमत नही’: नकार सुटा, पुरता ऐकू येणारा. इंग्रजीत तो क्रियापदाला चिकटलेला. १९८३ मध्ये झ्विकी आणि पुलम या भाषाशास्त्रज्ञांनी तर तो प्रत्ययच असल्याचं मांडलं. ‘कान्ट यू कम?’ चालतं, तिथे ‘कॅन नॉट यू कम?’ कुणी म्हणत नाही.

खरी फजिती बोलताना होते. आपण प्रत्येक स्वर पुरता उच्चारतो. ऑनलाइन मुलाखतीत ‘आय कॅन डू इट’ असं स्वच्छ म्हटलं की समोरच्याला ‘जमणार नाही’ ऐकू जाऊ शकतं, आणि ‘कॅन’ आणखी ठासून सांगितलं तर जास्तच. लहानपणी जिभेला वेखंड घासलं नाही म्हणून इंग्रजी फुटत नाही, असं म्हणणारे अजून भेटतात. इथे जिभेचा दोष नाही, जोर चुकीच्या जागी पडतो एवढंच.

होकारात ‘कॅन’ गिळा, क्रियापद ठासा. नकारात सरळ ‘कॅनॉट’ म्हणा. दोन्ही वाक्यं मोबाइलवर रेकॉर्ड करून ‘प्रात’ (Praat) या आवाजाची लाट दाखवणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा. होकारातला ‘कॅ’ नकारातल्याइतकाच लांब आणि उंच दिसला, तर सराव अजून बाकी आहे.