बारा की तेरा?

जाहिरातीत शेजारी-शेजारी दोन फोटो असतात. डावीकडे धुळीत उभं असलेलं अनवाणी पोर, उजवीकडे तेच पोर मोठं झालेलं, गळ्यात स्टेथोस्कोप. ख्रिस्ती संस्थांमार्फत परदेशातल्या मुलाचं शैक्षणिक पालकत्व घ्या, असं सांगणाऱ्या जाहिराती कितीतरी वर्षं अशाच चालत आल्या आहेत. त्यांचा उलटा अवतार आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो: हे सगळं धर्मांतराचं दुकान, पोरांच्या पदरात काही पडत नाही. फोटोतलं पोर शिकलं हे खरंच असतं. पैसे आले नसते तर ते शिकलं असतं का, याचं उत्तर मात्र फोटोत नसतं आणि फॉरवर्डमध्येही नसतं. ते काढण्याची एक सुरेख युक्ती आहे, आणि हा लेख मुख्यतः तिच्याबद्दल आहे.

आधी योजना नेमकी काय असते ते पाहू. कम्पॅशन इंटरनॅशनल ही संस्था 1952 साली एव्हरेट स्वॉन्सन या अमेरिकन धर्मोपदेशकाने दक्षिण कोरियातल्या युद्धात अनाथ झालेल्या मुलांसाठी सुरू केली. आज तिच्या योजनेतलं मूल सहसा मिशनच्या वसतिगृहात राहत नाही. ते गावातल्याच शाळेत जातं आणि शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशी स्थानिक चर्चच्या केंद्रात येतं. तिथे शिकवणी, जेवण, आरोग्य तपासणी आणि बायबलचे धडे असतात. शाळेची फी आणि गणवेशाचा खर्च योजना उचलते. पैसे देणाऱ्या दूरदेशीच्या पालकाची पत्रं येतात, पण मुलाच्या हातात रोख काही पडत नाही. आठवड्याला 8 तास आणि सरासरी 9.3 वर्षं धरली, तर एका मुलाचे जवळपास 3,900 तास या केंद्रात जातात.

आता या मुलांची तुलना कुणाशी करायची? गावातल्या इतर मुलांशी केली तर फसगत ठरलेली. केंद्रवाले सगळ्यात गरीब घरं निवडत असतील, तर मुलं मुळातच मागे असणार आणि योजना निकामी दिसेल. जागरूक आईबापच धावपळ करून नाव घालत असतील, तर ती मुलं एरवीही शिकली असती आणि योजना उगाच थोर ठरेल. यातलं काय घडलं, ते वीस वर्षांनी कळायला मार्ग नाही.

ब्रूस वायडिक, पॉल ग्लेवी आणि लेन रटलेज या अर्थशास्त्रज्ञांनी या संस्थेच्या नियमावलीतल्या एका रुक्ष कलमावर बोट ठेवलं. नव्या गावात कार्यक्रम सुरू होताना बहुतेक ठिकाणी फक्त 12 वर्षांपर्यंतची मुलं घेत. मग एका घरात कार्यक्रम आला त्या दिवशी एक मूल 11 वर्षांचं आणि दुसरं 13 वर्षांचं असेल, तर धाकट्याला दार उघडं आणि थोरल्याला बंद. आईबाप तेच, गरिबी तीच, घरात पुस्तकाविषयी असलेली आस्था किंवा अनास्थाही तीच. फरक जन्मतारखेचा, आणि ती काही कुणी योजनेकडे बघून ठरवलेली नसते. (जन्मवेळेवरून विद्येचे योग सांगणाऱ्यांना इथे आनंद व्हायला नको. पत्रिकेतल्या ग्रहांनी इथे काही केलेलं नाही, जे काही केलं ते कारकुनाने पाळलेल्या वयोमर्यादेने.)

पण भावंडांची सरळ वजाबाकीही पुरत नाही. शाळा वाढतात, रस्ते होतात, त्यामुळे धाकटी भावंडं तशीही थोरल्यांपेक्षा जास्त शिकतात. म्हणून कार्यक्रम न पोचलेल्या शेजारच्या गावांतली भावंडंही मोजायची. समजण्यापुरते आकडे घेऊ. कार्यक्रमाच्या गावात थोरली सरासरी 9 वर्षं शिकली, धाकटी 11, फरक 2. शेजारच्या गावात थोरली 9 आणि धाकटी 9.7, फरक 0.7. हा 0.7 काळाचा हिस्सा. तो वजा केला की उरतो 1.3, तो योजनेचा.

तरीही एक भोक राहतंच. 12 च्या आतली दोन भावंडं असतील आणि एकालाच पाठवायचं असेल, तर आईबाप कुणाला पाठवतील? कदाचित हुशार मुलाला, कदाचित दुबळ्याला. म्हणजे निवडीचा घोळ घरात शिरला. यावरचा उपाय थोडा आडवळणाचा आहे. प्रत्यक्षात कोण गेलं हे तात्पुरतं विसरायचं आणि पात्र कोण होतं एवढंच बघायचं. सगळ्या पात्र मुलांचा मिळून सरासरी फायदा काढायचा आणि पात्रांपैकी जितक्या वाट्याला खरोखर जागा मिळाली, त्या प्रमाणाने भागायचा. समजा पात्र मुलांचा सरासरी फायदा अर्ध्या वर्षाचा दिसला आणि 10 पात्रांपैकी 4 जणांनाच जागा मिळाली होती. मग जागा मिळालेल्यांचा फायदा 0.5 भागिले 0.4, म्हणजे 1.25 वर्षं. आईबापांची आवडनिवड या हिशेबातून गळून पडते, कारण पात्रता त्यांच्या हातात नव्हती.

हा भागाकार एका अटीवर टिकतो: पात्र असूनही न गेलेल्यांना योजनेचा काही फायदा किंवा तोटा झालेला नसावा. एकाची फी वाचली आणि ते पैसे दुसऱ्याच्या वह्यांना गेले, तर अट मोडते. थोरल्याच्या बाबतीतही तेच. वाचलेल्या पैशातून तोही दोन इयत्ता पुढे सरकला, तर भावंडांमधली दरी घटते आणि योजना आहे त्यापेक्षा लहान दिसते. अशा तपासण्यांमुळेच असे शोधनिबंध वाचताना डोकं दुखतं. पण त्या नसतील तर बाकीचं सगळं फुकट.

बोलिव्हिया, ग्वाटेमाला, भारत, केनिया, फिलिपीन्स आणि युगांडा या सहा देशांत, 10,144 जणांच्या माहितीवर हा हिशेब झाला. त्यातले 1,860 जण लहानपणी योजनेत होते. निबंध 2013 साली प्रसिद्ध झाला. योजनेमुळे शालेय शिक्षण 1.03 ते 1.46 वर्षांनी वाढलं. एरवी ते 10.19 वर्षं झालं असतं. माध्यमिक शिक्षण पुरं करणाऱ्यांचं प्रमाण एरवी 44.9 टक्के, त्यात 11.6 ते 16.5 अंकांची भर पडली, म्हणजे ते 56.5 ते 61.4 टक्क्यांवर गेलं. मोठेपणी पांढरपेशी नोकरी मिळण्याची शक्यताही वाढली. मिळकत वाढली, पण माफक. एकूण काय, फोटोतला स्टेथोस्कोप हा अपवाद, आणि अधिकची सव्वा इयत्ता ही खरी सरासरी.

कारण काय, पैसा की पत्रं? जकार्ताच्या झोपडपट्टीत याच मंडळींपैकी काहींनी मुलांना रंगीत पेन्सिलींची नवी पेटी दिली आणि पावसात उभं असलेलं स्वतःचं चित्र काढायला सांगितलं. मग आकृती किती लहान, हात आहेत की नाहीत, रंग काळपट की उजळ, अशा खुणा मोजल्या. योजनेतल्या मुलांच्या चित्रांत निराशेच्या खुणा कमी निघाल्या. चित्रावरून मन ओळखण्याच्या पद्धती फारशा भरवशाच्या नसतात, त्यामुळे यावर इमला बांधू नये. पण मुलाला पुढे काय व्हायचं आहे, ती इच्छाच मोठी होते, याचा पुरावा सहा देशांच्या अभ्यासातही मिळाला होता.

नुसत्या वस्तूने काय होतं, ते पश्चिम केनियातल्या दुसऱ्या प्रयोगात दिसतं. मूळ डच ख्रिस्ती निधीच्या एका संस्थेने पालकत्व योजनेखाली चिठ्ठ्या टाकून मुलं निवडली आणि त्यांना शाळेचा गणवेश दिला. चिठ्ठी असल्यामुळे इथे तुलनेची कसरत लागत नाही. ज्यांच्याकडे आधी गणवेश नव्हता, त्यांची गैरहजेरी निम्म्याहून अधिक घटली. आठ वर्षांनी पाहिलं तर ती मुलं इतरांपेक्षा एकही इयत्ता जास्त शिकलेली नव्हती. गणवेश विटतो, आखूड होतो. दोन पावसाळ्यांनंतर मूल पुन्हा इतरांच्या रांगेत. आपल्याकडे 1887 साली पंडिता रमाबाईंसाठी बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन निघाली, तिने मदतीचा शब्द दहा वर्षांसाठी दिला आणि त्या बळावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा उघडली. शारदा सदन ही मिशनशाळा नव्हती, पण मुदतीचा अंदाज त्या मंडळींना बरोबर आला होता.

लांब मुदतीला पैसा लागतो. पूर्वीच्या दराने महिना 38 डॉलर धरले, म्हणजे वर्षाला 456, तर 9.3 वर्षांचे सुमारे 4,240 डॉलर होतात. पश्चिम केनियातच शाळांमधून जंतांच्या गोळ्या वाटल्या तेव्हा गैरहजेरी साधारण पाव हिश्शाने घटली होती, आणि खर्च माणशी वर्षाला डॉलरहून कमी. त्या आकड्यांवरही अर्थशास्त्रज्ञांची जुंपली, पण खर्चातली तफावत एवढी प्रचंड आहे, की ‘इतक्या पैशात यापेक्षा काही होऊ शकत नाही’ असं योजनेच्या समर्थकांनी म्हणू नये.

भारतात ही योजना मार्च 2017 मध्ये थांबली. परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली प्रत्येक रकमेला गृहमंत्रालयाची आगाऊ परवानगी लागू लागली आणि संस्थेने इथलं काम बंद केलं. तेव्हा सुमारे 1 लाख 45 हजार मुलं योजनेत होती. वयोमर्यादेची युक्ती इथे उलटी लावता येईल. एकाच घरातल्या दोन लाभार्थी भावंडांपैकी त्या मार्चमध्ये 17 वर्षांच्या असलेल्याला जवळजवळ पूर्ण मुदत मिळाली, 9 वर्षांच्याची अर्ध्यात तुटली. आज दोघंही सज्ञान आहेत. अडचण एवढीच, की 2020 साली धाकटा बारा वर्षांचा असताना साथीमुळे शाळाच बंद झाल्या आणि थोरला तोवर शाळेबाहेर पडलेला होता. त्यामुळे पैसे थांबल्याचा परिणाम आणि शाळा बंद पडल्याचा परिणाम वेगळा करायला पुन्हा शेजारचं गाव गाठावं लागेल, जिथे केंद्र कधी नव्हतंच पण शाळा मात्र तेवढ्याच बंद होत्या.