लोखंडी रंध्याचं वय: बिडात ओतलेल्या तारखा

जुन्या बाजारात 'स्टॅनले' नाव असलेला लोखंडी रंधा हाती लागला की बहुतेक जण आधी पातं काढून त्यावरचा शिक्का वाचतात. हृदयाच्या आकारात 'एसडब्ल्यू' (स्टॅनले वर्क्स) दिसलं की रंधा 1920 ते 1935च्या आसपासचा ठरवून मोकळे होतात. मला ही घाई पटत नाही. पातं दगडावर घासून घासून झिजतं आणि सुतार ते बदलतो. वय विचारायचं ते रंध्याच्या अंगाला.

लोखंडी रंध्याआधीच्या लाकडी रंध्यात पाचर आणि हातोडीचे ठोके एवढ्यावरच पातं बसवायचं. अमेरिकेत बॉस्टनच्या लिओनार्ड बेली यांनी 1860च्या दशकात पात्याची खोली फिरत्या चाकाने साधेल अशी रचना केली. कनेक्टिकटमधल्या न्यू ब्रिटनच्या स्टॅनले रूल अँड लेव्हल कंपनीने 1869मध्ये त्यांचे हक्क घेतले. पातं डावी-उजवीकडे सरकवणारी दांडी पुढे जस्टस ट्रॉट यांच्या पेटंटांमुळे आली. त्या दांडीवर '10-21-84' (म्हणजे 21 ऑक्टोबर 1884) असे आकडे असतील तर रंधा 1884च्या आधीचा नाही, एवढं नक्की. पण तो 1884चाच, हेही ठरत नाही. पेटंटची तारीख म्हणजे रंध्याची जन्मतारीख नव्हे, आणि सगळ्यात जास्त चूक इथेच होते.

खरी मजा पात्याखालचा ओतीव आधार, म्हणजे फ्रॉग, याच्या मागे आहे. रॉकेल आणि ब्रशने गंज घासला की बिडात उमटलेली अक्षरं हळूहळू वर येतात: 25 मार्च 1902, 19 ऑगस्ट 1902, 19 एप्रिल 1910, महिन्यांची नावं इंग्रजी संक्षेपात. तिन्ही तारखा असतील तर रंधा साधारण 1910 ते 1918मधला. शेवटच्या दोनच उरल्या असतील तर 1919 ते 1924, आणि फक्त 1910ची असेल तर 1920च्या दशकाचा उत्तरार्ध. अमेरिकी पेटंटची मुदत तेव्हा 17 वर्षं होती, म्हणून 1902च्या तारखा 1919मध्ये संपल्या. साच्यातून त्या काढायला मात्र कारखान्याने आपला वेळ घेतला. जुने सुटे भागही संपेपर्यंत वापरले जात, त्यामुळे दोन काळांच्या खुणा एकाच रंध्यावर दिसल्या तर तो बनावट समजू नये.

पुढची गोल मूठ बुटकी असेल तर जुना काळ, उंच असेल तर साधारण 1919नंतरचा. पातं दाबून धरणाऱ्या वरच्या टोपीचं भोक मूत्रपिंडासारखं वाकडं असेल तर 1933नंतरचा. दुसऱ्या महायुद्धात पितळ लढाईकडे वळलं आणि खोलीचं चाक कडक रबराचं झालं, शिसवी मुठीही गेल्या.

हे सगळं अमेरिकेत घडलेल्या रंध्यांचं. आपल्याकडच्या रंध्यावर 'मेड इन इंग्लंड' असेल, तर तो शेफिल्डचा. स्टॅनलेचं उत्पादन तिथे 1930च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालं, म्हणून त्याला ही अमेरिकी वर्षं लावू नयेत.