'बर्सर्क'चा पहिला खंड परत करण्यापूर्वी : सभासद व ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या वाचनालयातून 'बर्सर्क' ही जपानी मांगा (चित्रकथा) मालिका नेणाऱ्या सभासदांकडून आम्हाला एकाच पुस्तकाविषयी दोन टोकाचे अभिप्राय ऐकावे लागतात. एक सभासद पहिला खंड दोन दिवसांत परत आणून टेबलावर ठेवतात आणि यात कथा नावाची वस्तूच नाही, नुसती कापाकापी आहे, असे सांगून अनामत रक्कम मागतात. त्याच संध्याकाळी दुसरे सभासद येतात, अशी कथा आपण आजवर कोणत्याही भाषेत वाचलेली नाही म्हणतात आणि पुढचे खंड राखून ठेवायला सांगतात. हे दोघे एकाच वेळी दुकानात आले की वाद सुरू होतो, आणि वाद रंगला की नोंदवहीचे काम थांबते. हे माहितीपत्रक त्यासाठी छापले आहे. मांगा उजवीकडून डावीकडे वाचायची असते, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. तरीही पुस्तक उलटे बांधले गेले आहे अशी शंका आल्यास ते बदलून मागण्यापूर्वी कृपया दुसऱ्या बाजूने उघडून पाहावे.

या वादात पडण्याआधी आम्ही दोन्ही पक्षांना एकच प्रश्न विचारतो : आपण कितव्या खंडापर्यंत आला आहात? उत्तर ऐकले की निम्मा वाद तेथेच मिटतो, असा आमचा अनुभव आहे. कथा नाही म्हणणारे बहुधा पहिल्या खंडावर थांबलेले असतात, भारावून गेलेले नुकतेच तेरावा खंड संपवून आलेले असतात, आणि लेखकाने लांबण लावली असे म्हणणारे तिशीच्या पुढच्या खंडांत असतात. चाळीसहून अधिक खंडांच्या मालिकेतल्या तीन निरनिराळ्या जागी उभे राहून ही मंडळी एकमेकांशी भांडत असतात, आणि आपापल्या जागेपुरते प्रत्येकाचे म्हणणे बरेचसे खरे असते.

पहिल्या खंडाविषयीची तक्रार आम्ही सर्वांत गंभीरपणे घेतो, कारण सभासदांचा आणि आमचा वेळ सर्वाधिक तेथेच जातो. केंतारो मिउरा यांनी ही मालिका 1989 मध्ये 'मंथली ॲनिमल हाउस' या मासिकात सुरू केली, तेव्हा ते 23 वर्षांचे होते. पुढे 1992 पासून ती हाकुसेन्शा प्रकाशनाच्या 'यंग ॲनिमल' या नियतकालिकात येऊ लागली. पहिल्या खंडात मोजकीच, पण लांब प्रकरणे आहेत. माणसाच्या उंचीची तलवार पाठीवर घेतलेला, एका डोळ्याने अधू आणि डाव्या हाताच्या जागी लोखंडी हात बसवलेला गट्स एका गावात येतो आणि तेथल्या राक्षसी सरदाराशी लढतो. पुढच्या प्रकरणात एक वृद्ध धर्मोपदेशक आणि त्याच्यासोबतची मुलगी गट्सला आपल्या गाडीत जागा देतात, आणि त्या उपकाराची फार भयंकर किंमत मोजतात. गट्स माणसांना तोडून बोलतो, पक नावाच्या छोट्या परीसदृश सोबत्याला झिडकारतो आणि कोणाचेही आभार मानत नाही. त्याच्या मानेवर एक खूण आहे, ती रात्री रक्ताळते आणि भुतेखेते तिच्या वासावर येतात, एवढे कळते. ती कोणी आणि का उमटवली, हे कळत नाही. अशा नायकाविषयी आपल्याला काहीच वाटले नाही, असे सभासद म्हणतात तेव्हा आम्ही त्यांच्याशी वाद घालत नाही. पहिला खंड वाचून तसेच वाटावे, अशीच त्याची रचना आहे.

मिउरा यांनी परिणाम आधी दाखवला आणि कारण नंतर सांगितले. ही पद्धत आपल्याला परकी नाही. महाभारतात संजय रणांगणावरून परत येतो तो भीष्म पडल्याची वार्ताच आधी धृतराष्ट्राला सांगतो, आणि मग युद्धाच्या पहिल्या दिवसापासूनची हकिकत सुरू होते. शेवट माहीत असूनही, किंबहुना म्हणूनच, ते दहा दिवस आपण श्वास रोखून ऐकतो. 'बर्सर्क'मध्ये ही हकिकत तिसऱ्या खंडाच्या शेवटी सुरू होते. फासावर लटकलेल्या आईच्या पोटी जन्मलेले मूल भाडोत्री सैनिकांच्या टोळीला कसे सापडते, तेथपासून गट्सचे पूर्वायुष्य उलगडते. मिडलंड नावाच्या कल्पित राज्यातले दीर्घ युद्ध, ग्रिफिथ या महत्त्वाकांक्षी तरुणाने उभी केलेली भाडोत्री तुकडी, त्या तुकडीत आधीपासून असलेली कास्का ही लढवय्यी स्त्री आणि या तिघांमध्ये तयार होणारे, नेमके नाव न देता येणारे नाते यांचे हे पर्व थेट चौदाव्या खंडापर्यंत चालते. वाचक त्याला 'सुवर्णयुग' म्हणून ओळखतात. या मालिकेची स्तुती आपण जेथे ऐकली असेल, तेथे ती बहुतेक याच पर्वाची होती.

यावरून काही जण असा निष्कर्ष काढतात की सुरुवातीचे तीन खंड सोडून थेट चौथ्यापासून वाचावे, आणि मित्रांना तसाच सल्लाही देतात. आमच्या दृष्टीने सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे, आणि या पत्रकातील एकच गोष्ट आपण लक्षात ठेवणार असाल तर ती ही ठेवावी. कीर्तनाला उशिरा येऊन थेट आख्यानालाच बसणाऱ्या श्रोत्याला गोष्ट कळते, पण बुवांनी पूर्वरंगात काय मांडून ठेवले होते ते कळत नाही. चौथ्या खंडापासून सुरुवात केलेल्या वाचकाला 'सुवर्णयुग' हे एका शूर तुकडीच्या उत्कर्षाचे आख्यान वाटते, आणि त्या उत्कर्षाच्या प्रत्येक पानावर जी सावली पडायला हवी ती पडत नाही. मेजवानीच्या प्रसंगात गट्स हसतो तेव्हा ज्याने पहिले तीन खंड वाचले आहेत त्याला तो शाबूत हात आणि दोन्ही डोळे दिसतात. ज्याने वाचलेले नाहीत, त्याला केवळ मेजवानी दिसते. असे सभासद सहाव्या-सातव्या खंडाच्या सुमारास हमखास पहिला खंड मागायला येतात, तो तोवर दुसऱ्याकडे गेलेला असतो, आणि मग त्यांचेही वाचन अडते व प्रतीक्षायादीही विसकटते.

म्हणून पहिला खंड आम्ही सुटा देत नाही. पहिले तीन खंड एकत्र, एकाच नोंदीवर आणि एकाच खंडाच्या अनामत रकमेवर दिले जातात. यामागे जास्त पैसे घेण्याचा हेतू आहे असा समज एक-दोन सभासदांनी बोलून दाखवला, त्याविषयी एवढेच सांगतो की तीन खंड एका नोंदीवर दिल्याने आमचे शुल्क कमी होते, वाढत नाही. एकत्र देण्याचे खरे कारण तिसऱ्या खंडात आहे. दुसऱ्या-तिसऱ्या खंडांतली दुसऱ्या एका सरदाराची कथा संपते, तेथे त्या सरदाराची मुलगी गट्सला शाप देते आणि तो पाठ फिरवून निघून जातो. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे दिसते, ते पहिला खंड परत करणाऱ्याला कधीच दिसत नाही. तेथवर येऊनही पुस्तक आवडले नाही, तर आम्ही आनंदाने परत घेऊ आणि पुन्हा आग्रह करणार नाही.

ॲनिमे (जपानी सचेतपट) पाहिले आहे, तेव्हा पुढच्या खंडापासूनच द्या, अशी मागणीही नेहमी होते. 1997 ची 25 भागांची मालिका आणि 2012-13 मधील तीन चित्रपट यांचा मुख्य भर 'सुवर्णयुगा'वरच आहे. 1997 च्या मालिकेत तर पक नाही आणि कवटीचा मुखवटा वाटावा असा चेहरा असलेला तो घोडेस्वारही नाही, ज्याच्यावाचून शेवटचा प्रसंग निराळाच होऊन बसतो. शिवाय ती मालिका ज्या ठिकाणी थांबते, तेथे थांबलेला प्रेक्षक कथा अपुरी सोडली म्हणून मिउरा यांना दोष देतो. तो दोष मूळ पुस्तकाला लागू होत नाही. पाहिलेल्या सभासदांनीही कृपया पहिल्यापासूनच सुरुवात करावी.

हिंसेविषयी स्पष्ट लिहिणे आमचे कर्तव्य आहे. ही मालिका आम्ही 18 वर्षांखालील सभासदांना देत नाही, पालक सोबत असले तरीही देत नाही, आणि या नियमाला अपवाद करावा अशी विनंती कृपया करू नये. रक्तपात हे त्याचे मुख्य कारण नाही. तो चित्रातला आहे हे मुलांनाही कळते. मालिकेत लैंगिक हिंसेचे प्रसंग आहेत, त्यांतला एक लहान मुलावरचा आहे, आणि तेराव्या खंडातला प्रसंग तर अनेक प्रौढ वाचकांनाही सहन झालेला नाही. येथे मतभेद खरा आहे आणि कोणत्याही खंडापर्यंत वाचले तरी तो मिटत नाही. काही वाचकांच्या मते हे प्रसंग पात्रांच्या जखमा समजण्यासाठी आवश्यक आहेत, आणि जखम झाल्यावर ती वर्षानुवर्षे कशी राहते हेच मिउरा दाखवत आहेत. इतरांच्या मते सुरुवातीच्या खंडांत तरी अशी दृश्ये गरजेपेक्षा अधिक आणि अधिक तपशिलाने काढलेली आहेत. आमचे मत विचाराल तर गट्सच्या बाबतीत पहिले म्हणणे पटते आणि कास्काच्या बाबतीत दुसरे.

(पुढचे काही कळू नये अशी इच्छा असलेल्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.) सेनापती म्हणून उभी केलेली, स्वतःचे मत असलेली कास्का तेराव्या खंडानंतर आपले भान हरवून बसते आणि जवळपास चाळिसाव्या खंडापर्यंत तशीच राहते. तिच्यावर झालेल्या अत्याचाराचा भार कथेत प्रामुख्याने गट्सच वाहताना दिसतो. तिला स्वतःला बोलायला मिळत नाही. आमच्या काही सभासदांनी मालिका येथे सोडली. त्यांचा निर्णय आम्ही चुकीचा मानत नाही, आणि त्यांना परत बोलावण्यासाठी फोनही करत नाही.

तिशीच्या पुढच्या खंडांतली जहाजावरची लांबण हा तिसरा वाद. जपानमध्ये हे भाग प्रसिद्ध होत असताना मध्ये दीर्घ काळ प्रकाशन थांबत असे, आणि तेथल्या वाचकांनी त्या एका सागरी प्रवासाची अनेक वर्षे वाट पाहिली. मिउरा यांचे एकेक पान पाहिले की विलंबाचे कारण समजते : जहाजाच्या दोरखंडांपासून चिलखतांच्या सांध्यांपर्यंत प्रत्येक रेघ ओढलेली आहे. आपल्यासमोर मात्र ते खंड तयार आहेत, तेव्हा जो भाग जपानी वाचकाला वर्षे पुरला तो आपल्याला दोन रविवार पुरतो. या मालिकेला 2002 मध्ये तेझुका ओसामु सांस्कृतिक पुरस्कारांतील उत्कृष्टतेचा पुरस्कार मिळाला, तेव्हा हे जहाज अजून बंदरातही आलेले नव्हते, हेही नोंदवून ठेवतो.

तेराव्या खंडात एक प्रकरण गहाळ आहे, पाने फाडली आहेत, अशी तक्रार वर्षातून तीन-चारदा येते. पाने फाडलेली नाहीत. मासिकात प्रसिद्ध झालेले 83 वे प्रकरण मिउरा यांनी स्वतःच पुस्तकरूपातून वगळले, कारण त्यात या विश्वामागच्या शक्तीविषयी फार लवकर फार काही सांगितले गेले असे त्यांना वाटले. कथाकथनाविषयी लेखकाचेच स्वतःशी मतभेद झाल्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित मिळते. ते प्रकरण आमच्याकडे नाही, आणि कोणत्याही अधिकृत खंडात ते नसल्याने आम्ही ते मागवूनही देऊ शकत नाही.

मिउरा यांचे 6 मे 2021 रोजी, वयाच्या 54 व्या वर्षी, महाधमनी विदीर्ण झाल्याने निधन झाले. जून 2022 पासून त्यांच्या सहायकांचा 'स्टुडिओ गागा' ही मालिका पुढे नेत आहे. मिउरा यांचे शाळकरी वयापासूनचे मित्र आणि स्वतः मांगाकार असलेले कोजी मोरी तिच्यावर देखरेख करतात. मिउरा यांनी आपल्याला जे सांगितले होते तेवढेच मांडू, स्वतःची भर घालणार नाही, असे मोरी यांनी जाहीर केले होते. हा भाग काहींना जपून चाललेला वाटतो, काहींना कोरडा. 41 व्या खंडापर्यंत आलेल्या सभासदांनी पुढचे वाचावे की तेथेच थांबावे, यावर आम्ही सल्ला देत नाही. मागणी नोंदवली की खंड मागवून देतो.

विकत घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी एक सूचना. डार्क हॉर्स या अमेरिकी प्रकाशनाने 2019 पासून मोठ्या आकाराची, कापडी नव्हे पण भक्कम पुठ्ठ्याची जी आवृत्ती काढली आहे, तिच्या प्रत्येक पुस्तकात साधारणपणे तीन खंड येतात. पहिल्या पुस्तकात बरोबर पहिले तीन खंड आहेत, म्हणजे आम्ही जे नियम करून सभासदांच्या हाती देतो तेच प्रकाशकाने बांधून दिले आहे. दोन पाने मिळून काढलेली रणभूमीची चित्रे मोठ्या कागदावर फार वेगळी दिसतात. पुस्तक जड आहे, ते मांडीवर किंवा टेबलावर ठेवूनच वाचावे लागते, आणि प्रवासात नेण्याचा विचार असल्यास सुटे खंडच बरे. एक प्रत काउंटरवर उघडी ठेवलेली आहे. हात स्वच्छ पुसून ती निवांत चाळावी, विचारण्याची गरज नाही. वेष्टन काढलेली विक्रीची प्रत मात्र आम्ही 'कथा आवडली नाही' या कारणासाठी परत घेत नाही, म्हणून ज्यांची खात्री नाही त्यांनी आधी तीन खंड वाचनालयातून न्यावेत. पुढे मोठी आवृत्ती घेतल्यास त्या तीन खंडांचे वाचनशुल्क किमतीतून वजा केले जाईल.

तीन खंडांची मुदत एकवीस दिवसांची आहे. परत करताना चौथा खंड त्याच वेळी मिळावा असे वाटत असेल तर एक दिवस आधी कळवावे. बारावा आणि तेरावा खंडही आम्ही जोडीनेच देतो. बारावा संपवून रात्री दुकान बंद करण्याच्या वेळी दारावर थाप मारणाऱ्या सभासदांमुळे ही व्यवस्था करावी लागली.