कर्नेल ड्रायव्हरमधला यूज-आफ्टर-फ्री

ड्रायव्हरने (हार्डवेअर किंवा एखादी सोय चालवणारा कर्नेलमधला कोड) कर्नेलकडून, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडून, घेतलेली मेमरी परत करून टाकली, तरी तिचा पत्ता कोडमध्ये कुठेतरी शिल्लक राहतो आणि नंतर त्याच पत्त्यावर वाचलं किंवा लिहिलं जातं, त्या बगला यूज-आफ्टर-फ्री म्हणतात, बोलताना नुसतं यूएएफ. ॲपमध्ये झाला तर बहुतेक वेळा तेवढं ॲप मरतं, पण ड्रायव्हर कर्नेलच्याच हक्कांनी चालतो, त्यामुळे तिथे अख्खा फोन हल्लेखोराच्या ताब्यात जाऊ शकतो.

नवी मुंबईत ऐरोली-महापेच्या ऑफिसांत येणाऱ्या नव्या पोरांना आम्ही घणसोलीतल्या भाड्याच्या खोलीवरून समजावतो. 11 महिन्यांचं ॲग्रीमेंट संपलं, भाडेकरू गेला, दूधवाल्याला कुणी सांगितलंच नाही, तो रोज पहाटे त्याच कडीला पिशवी अडकवतोय. खोली रिकामी आहे तोवर फारसं बिघडत नाही, हे माहीत असलेल्या कुणी मुद्दाम तीच खोली भाड्याने घेतली, म्हणजे हल्लेखोराने त्याच जागेत स्वतःचा डेटा बसवला, की खरा धोका सुरू.

अभ्यासाला सगळ्यात चांगलं उदाहरण सीव्हीई-2019-2215 (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-त्रुटीला दिला जाणारा क्रमांक). अँड्रॉइडमधली ॲप्स एकमेकांशी बोलतात ती बाइंडर ड्रायव्हरमधून, त्याचं मूळ बी इंक. आणि पुढे पामसोर्सकडच्या ओपनबाइंडरमध्ये आहे. प्रत्येक थ्रेडसाठी (प्रोग्रामच्या आत चालणारा कामाचा एकेक धागा) ड्रायव्हर माहितीचं एक स्ट्रक्चर ठेवतो, त्यातच वेटक्यू, म्हणजे वाट बघणाऱ्यांची रांग, असते आणि ईपोल (घडामोडींवर लक्ष ठेवणारी कर्नेलची सोय) तिचा पत्ता धरून बसतो. थ्रेड संपल्याची आयओसीटीएल, म्हणजे ॲपकडून ड्रायव्हरला जाणारी आज्ञा, आली की स्ट्रक्चर फ्री होतं, ईपोलला मात्र कळतच नाही, आणि तो नंतर रांगेतून स्वतःची नोंद काढायला जातो तेव्हा फ्री झालेल्या जागेत पॉइंटर, म्हणजे मेमरीतला एक पत्ता, लिहून बसतो. स्ट्रक्चर 408 बाइटचं, ॲलोकेटर (मेमरी वाटणारा कर्नेलचा भाग) ते 512 बाइटच्या खणात ठेवतो, म्हणून 16 बाइटच्या 25 नोंदींचा, म्हणजे 400 बाइटचा ॲरे (ओळीने ठेवलेली यादी) हल्लेखोराला नेमका त्याच खणात बसवता येतो.

हा बग सापडला कधी, यावर दोन मतं दिसतात. क्रमांकामुळे बरेच जण 2019 धरतात: गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा-संशोधन गटातल्या मॅडी स्टोन यांनी तो त्या सप्टेंबरच्या शेवटी कळवला, तेव्हा त्याचा प्रत्यक्ष वापर होत असल्याची माहिती होती. पण सिझकॉलर या फझरने (उलटसुलट इनपुट देऊन बग शोधणारं साधन) तो नोव्हेंबर 2017 मध्येच पकडला होता आणि फेब्रुवारी 2018 मध्ये कर्नेलमध्ये दुरुस्तीही आली, फक्त सीव्हीई क्रमांक दिला गेला नाही आणि पिक्सेल 2 सारख्या फोनपर्यंत ती पोचलीच नाही. 2017 हेच वर्ष जास्त रास्त वाटतं, कारण मधल्या जवळपास दोन वर्षांत लोकांच्या खिशातले फोन उघडे होते, ते 2019 धरलं की दिसतच नाही. ठाण्यात कुणी जुना फोन घेत असेल तर सेटिंग्जमध्ये सिक्युरिटी पॅचची तारीख नक्की बघावी. या बगपुरती ती 6 ऑक्टोबर 2019 किंवा नंतरची हवी.

असे बग शोधायला केसॅन हे कर्नेलमधलं मेमरी-तपासणीचं साधन वापरतात, लिनक्स 4.0 पासून (2015). दर 8 बाइट मेमरीमागे 1 शॅडो बाइट, म्हणजे ती मेमरी वापरायला चालेल की नाही याची नोंद, ठेवला जातो आणि रिपोर्टमध्ये फ्री झालेली जागा 'एफबी एफबी एफबी' अशी ओळीने दिसते, शिवाय ती कुणी घेतली, कुणी सोडली, कुणी परत हात लावला, तिन्ही कॉल ट्रेस, म्हणजे तिथवर कोणत्या फंक्शनमधून पोचलो त्याच्या याद्या, मिळतात. 'कुणी सोडली' हा ट्रेस आधी वाचावा, चूक बहुतेक तिथेच असते.

लिनक्स 6.1 पासून (2022) कर्नेलमध्ये रस्ट ही प्रोग्रामिंग भाषा आली, त्यात अशा चुका बऱ्याचशा कंपाइल करतानाच, म्हणजे कोड चालण्याआधीच, अडतात, पण सध्याचे बहुतांश ड्रायव्हर सी भाषेतच आहेत.