लिव्हर घट्ट, पकड सैल

"सिंथेटिक ऑइल टाकलं आणि क्लचची वाट लागली." हे वाक्य मी आजवर इतक्या जणांकडून ऐकलंय की आता नुसती मान हलवतो. परवा एका मित्राने तेच ऐकवलं, तेव्हा मात्र राहवलं नाही. त्याची तक्रार अशी: चढावर पीळ दिला की मोटरसायकल बोंबलते, पळत नाही.

रोग ओळखायला मोकळा, सपाट रस्ता पुरतो. टॉप गिअरमध्ये गाडी हळू चालवायची आणि एकदम पूर्ण थ्रॉटल द्यायचा. इंजिन कण्हत, कुरकुरत वेग आणि आवाज एकत्र वाढवत असेल तर क्लच ठीक आहे. आवाज झपकन चढला आणि गाडी जागच्या वेगातच राहिली, तर क्लच घसरतोय, म्हणजे इंजिनचा जोर चाकापर्यंत पूर्ण पोहोचत नाही. ही परीक्षा पहिल्या गिअरमध्ये घेऊन उपयोग नाही. तिथे गाडी चटकन पुढे सुटते आणि घसरण लपून जाते. आणि इंजिनच कमजोर असेल तर आवाजही चढत नाही, एवढा फरक कानाला कळतो.

मित्राच्या गाडीचा आवाज चढला.

आता क्लचच्या आत काय असतं ते पाहू, कारण मला यंत्रांमधल्या ज्या दोन-चार युक्त्या मनापासून आवडतात, त्यातली एक इथे आहे. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच तेलात बुडालेला असतो. तेल त्याला थंड ठेवतं, पण घर्षणही कमी करतं. मग पकड कुठून आणायची? जास्त प्लेटा म्हणजे जास्त क्षेत्रफळ, म्हणून जास्त पकड, असं उत्तर हमखास मिळतं. ते चूक आहे. आमाँताँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६९९ मध्येच मांडलं होतं की घर्षण दाबणाऱ्या जोरावर अवलंबून असतं, टेकलेल्या क्षेत्रफळावर नाही.

खरी युक्ती वेगळी आहे. कागदाच्या दहा पट्ट्या घ्या. एक उजवीकडून, एक डावीकडून अशा एकमेकींवर रचा आणि मधोमध चिमटीत धरा. आता दोन्ही बाजूंनी ओढा. दोनच पट्ट्या असताना त्या सहज सुटतात, दहा असताना नाही. चिमटीचा जोर तेवढाच आहे, पण तोच जोर एका पट्टीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असा सगळ्या थरांतून जातो. वाटला जात नाही. प्रत्येक सांध्यावर पूर्णच्या पूर्ण दाब पुन्हा वापरायला मिळतो! क्लचमध्ये हेच आहे. घर्षण-प्लेटा बाहेरच्या बास्केटला (इंजिन फिरवतं ती वाटी) अडकलेल्या, त्यांच्यामधल्या स्टीलच्या प्लेटा आतल्या हबला (गिअरबॉक्सकडे जोर नेणारा गाभा), आणि चिमटीच्या जागी प्रेशर प्लेट आणि तिच्या स्प्रिंगा.

थोडा हिशेब करू, आकडे सोपे धरून. पाच घर्षण-प्लेटा म्हणजे दहा घासणाऱ्या बाजू. स्प्रिंगांचा एकूण जोर ८०० न्यूटन, तेलातला घर्षणांक ०.१२, सरासरी त्रिज्या ५ सेंटीमीटर. गुणाकार केला की क्लच ४८ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) पेलतो. इंजिनचा टॉर्क १२, आणि क्लचच्या आधीचे गिअर तो तिप्पट करतात असं धरलं, तर क्लचवर येतात ३६. म्हणजे तब्येतीत आहे.

आता प्रत्येक प्लेट फक्त ०.२ मिलिमीटर झिजली. पाचांची मिळून थप्पी १ मिलिमीटरने पातळ झाली. ८ मिलिमीटर दाबलेली स्प्रिंग आता ७ मिलिमीटरच दाबलेली राहते, तिचा जोर ७०० न्यूटन होतो आणि क्लचची ताकद ४२ वर येते. तरी पुरते. पण थप्पी पातळ झाली की प्रेशर प्लेट आत सरकते आणि मागचा पुशरॉड (प्रेशर प्लेटला ढकलणारा दांडा), केबल सगळं ताणून धरते. प्लेटांजवळचा तो १ मिलिमीटर हँडलवरच्या क्लच लिव्हरच्या टोकाशी कित्येक पट होऊन पोहोचतो आणि फ्री प्ले, म्हणजे लिव्हरची सुरुवातीची मोकळी हालचाल, खाऊन टाकतो. म्हणूनच प्लेटा झिजल्या की लिव्हर सैल होत नाही, उलट घट्ट होतो. (केबल लांबली तर सैल होतो, दोन्हींची गल्लत करू नये.) फ्री प्ले शून्यावर गेला की स्प्रिंगांचा काही जोर केबलच झेलते. समजा १०० न्यूटन. उरले ६००, आणि क्लच पेलतो बरोबर ३६. चढ आला की घसरला.

पुढचं दुष्टचक्र आहे. क्लचवर मिनिटाला ५०० फेऱ्यांची घसरण आणि ३६ न्यूटन-मीटर टॉर्क म्हणजे सुमारे १९०० वॅट उष्णता. दोन इस्त्र्या क्लचच्या डब्यात चालू ठेवल्यासारखं. प्लेटा गुळगुळीत होतात, स्प्रिंगा मऊ पडतात, घसरण आणखी वाढते.

तेलाचं काय? सिंथेटिक असणं हा गुन्हा नाही. दोष असतो तो कारच्या काही तेलांतल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांचा. त्यांच्या रेणूंचं एक टोक धातूला चिकटतं आणि शेपट्या बाहेर ब्रशसारख्या उभ्या राहतात, त्यामुळे दाबलं तरी पृष्ठभाग निसटतात. तेलाच्या डब्यावर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं असेल तर ते तेल ओल्या क्लचसाठी तपासलेलं आहे. एमबी मात्र ज्यांचा क्लच तेलात नसतो अशा स्कूटरसाठी. बाकी 'इंजिन लोण्यासारखं चालेल' म्हणून विकली जाणारी बाटली तेलात ओतणाऱ्याने एक लक्षात ठेवावं: इंजिन आणि क्लच एकाच तेलात आहेत.

मित्राचं तेल एमए२च होतं. लिव्हर मात्र पहिल्या स्पर्शापासून कडक. लिव्हरजवळचा ॲडजस्टर दोन फेरे आत घेतला, टोकाशी साधारण १५ मिलिमीटर मोकळीक आली आणि घसरण थांबली. तीन आठवडे. मग क्लच उघडला. घर्षण-प्लेटा ३ मिलिमीटरच्या २.८ झालेल्या. स्टीलच्या प्लेटा काचेवर ठेवून खाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवून पाहिला, वाकल्या नव्हत्या. पण दोघींवर निळं कडं होतं. स्टीलवर असा निळा रंग साधारण ३०० अंशांना चढतो. त्या दोन्ही बदलल्या, स्प्रिंगाही. नव्या घर्षण-प्लेटा रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवल्या, कारण कोरड्या बसवल्या तर पहिल्याच फेरीत जळू शकतात. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले.

सगळं बसवून मित्राने लिव्हर दाबला आणि त्याचा चेहरा उतरला. लिव्हर लोंबत होता. थप्पी पुन्हा जाड झाली होती, इतकंच. ॲडजस्टरचे तेच दोन फेरे परत बाहेर काढले.