बेंच ग्राइंडरचा स्विच

बेंच ग्राइंडर म्हणजे मोटरच्या दोन्ही टोकांना एकेक दगड बसवलेलं मशीन, टूलला धार लावायला आणि जॉबची बर (कापल्यावर कडेला राहिलेली धारदार कूस) काढायला वर्कशॉपात असतंच, पण त्याचा स्विच हा स्वस्तातला पार्ट म्हणून त्याच्याकडे कोणी नीट बघत नाही. बघायला पाहिजे. टू-पोल (दोन चुंबकी ध्रुवांची) मोटर मिनिटाला साधारण 2800 फेरे मारते, म्हणजे 200 मिमी दगडाची कड ताशी शंभर किलोमीटरच्या वर पळत असते.

छोट्या मशीनवर बहुतेक वेळा टॉगल (छोट्या दांडीचा) किंवा रॉकर (एका बाजूला दाबायचा) स्विच येतो. त्याची खोड अशी की लाईट गेली तरी तो ऑनच राहतो. समजा छिन्नीला धार लावताना लाईट गेली, दगड थांबला, माणूस छिन्नी टूल रेस्टवर (दगडासमोर टूल टेकवायची पट्टी) तशीच ठेवून चहाला गेला आणि मागून लाईट आली, की मशीन आपोआप सुरू, छिन्नी दगड आणि रेस्टच्या मधे ओढली जाते आणि दगड फुटला तर तुकडे समोर उभ्या असलेल्याच्या तोंडावर. आपल्याकडे लाईट जाणं-येणं रोजचंच, त्यामुळे माझ्या मते नो-व्होल्ट कॉइलवाला स्विच किंवा डीओएल (डायरेक्ट ऑन लाईन, म्हणजे मोटर थेट लाईनवर सुरू करणारा) स्टार्टर हवाच. हिरवं बटन दाबलं की कॉइल कॉन्टॅक्ट धरून ठेवते, सप्लाय गेला की सोडते, परत चालू करायला माणसानेच बटन दाबायचं. स्टार्टरमधे ओव्हरलोड रिलेही (मोटर जास्त करंट घ्यायला लागली की सप्लाय तोडणारा भाग) असतो, दगड जॅम झाला किंवा व्होल्टेज पडून मोटर नुसती गुणगुणत राहिली तर तो ट्रिप होतो. थ्री-फेज मशीन असेल तर सिंगल फेज प्रिव्हेंटर (एखादा फेज गेला की मोटर बंद करणारं उपकरण) पण लावा.

घरातला 6 अँपिअरचा दिव्याचा स्विच मात्र अजिबात लावू नये. अर्धा एचपीची मोटर चालताना 3-4 अँपिअर घेते पण सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट, त्याने कॉन्टॅक्ट जळतात, कधी चिकटूनच बसतात आणि मग ऑफ केलं तरी मशीन चालूच. शिवाय लोखंडाची बारीक भुकटी रॉकरच्या फटीत शिरते, म्हणून रबरी टोपीचा किंवा बंद डबीतला स्विच बरा.

लाल बटन मोठं, मशरूमसारखं बाहेर आलेलं आणि ठिणग्यांवरून हात न नेता सापडेल असं पुढे असावं. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या फॅक्टरीज ॲक्ट 1948 च्या कलम 24 मधेही चालू मशीनची पॉवर तातडीने तोडायची सोय प्रत्येक वर्करूममधे ठेवायला सांगितलं होतं. तरी बटन दाबल्यावर दगड लगेच थांबत नाही, बराच वेळ फिरत राहतो, तेव्हा हात लांबच ठेवायचा. बाहेरून ब्रेक बसवायचा विचार असेल तर जपून, कारण डाव्या बाजूच्या नटाला उलटे आटे असतात ते फिरताना नट घट्ट राहावा म्हणून, आणि झटक्यात थांबवलं तर दोन्हीकडचे नट सैल व्हायची भीती असते.

हिरवं बटन बाजूला उभं राहून दाबता येईल अशा जागी बसवा, कारण तडा गेलेला दगड बऱ्याचदा सुरुवातीच्या मिनिटाभरातच फुटतो.